शिवराम गावडेची हजेरी

मुंबईहून परत आल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, "जगताप, समुद्र बघितला का?" बघितला. चौपाटीवरचा नव्हे, मालाडच्या पलीकडचा, मार्व्याच्या खाडीचा, गुडघाभर चिखलाचा. परत बघायची इच्छा नाही. पारावर बसून सांगायला गेलो की ऐकणाऱ्यांना अचानक म्हशींची आठवण होते. म्हणून एकदाच लिहून काढतोय.

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. हातात बंदूक कमी आणि बँडेज जास्त. जवान आम्हाला 'डॉक्टर' म्हणायचे आणि खरे डॉक्टर आम्हाला काहीच म्हणायचे नाहीत. एकाहत्तरच्या लढाईनंतर माझ्या वॉर्डात लान्सनायक शिवराम गावडे तीन महिने होता. मालवणकडचा, काटकुळा, तोंडाचा पट्टा सतत चालू. सुरुंग फुटून त्याचा डावा खांदा फाटला होता आणि डावा कान कायमचा गेला होता. खांद्याचे टाके मी काढले. कोयत्याच्या आकाराचा व्रण राहिला. तो आरशात बघून म्हणाला होता, "डॉक्टर, शिवण बरी दिसता मां? बायल बघतली." मी म्हटलं, बायको खांदा बघून लग्न करत नाही, पगार बघून करते. त्यावर तो एवढा हसला की मला पुन्हा पट्टी बांधायला लागली.

पुढे तो मुंबईत एका गिरणीच्या गेटवर लागला. संपात गिरणी बंद पडली तेव्हा घाटकोपरच्या एका गोडाऊनला वॉचमन झाला. दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. यंदा आलं नाही. त्याच्याऐवजी गावाहून त्याच्या बायकोचं, कुंदावहिनींचं पत्र आलं.

"भावजी, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि भात कापायला दुसरं माणूस नाही, म्हणून मी दसऱ्याआधीच गावी आले. हे घाटकोपरला एकटे आहेत. पंधरा ऑगस्टपासून धड बोलत नाहीत, जेवत नाहीत. दिवाळीत मी मुलुंडच्या माजी सैनिक मंडळाला पत्र घातलं. सुभेदारांचं कार्ड आलं, गावडे दर रविवारी हजर असतात, काळजी नसावी. म्हणून मी राहिले आहे. पण जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही एकदा बघून या. तुमचं ते ऐकतात."

पत्र आलं मंगळवारी. मी निघालो शुक्रवारी. मध्ये उसाला पाण्याची पाळी होती. हे लिहायला नको वाटतंय, पण लिहायलाच पाहिजे.

शनिवार, घाटकोपर

एसटीने अंग खिळखिळं झालं होतं. कुर्ल्याला उतरून चहा घेतला. मुंबईचा चहा म्हणजे औषधाच्या मात्रेएवढा, पण तरतरी आणतो हे कबूल. बरोबर बायकोने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. शिवरामला ती फार आवडायची.

घाटकोपरला टेकडीवर त्याची चाळ. पायऱ्या चढता चढता माझा ऊर धपापला आणि मनात म्हटलं, एका कानाचा माणूस हे रोज चढतो आणि आपल्याला पत्रात एकदाही सांगत नाही. खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"गावडे ना? नाइट ड्युटी असते त्यांची. दिवसाचे कुठे कुठे फिरतात काय माहीत. लॉक तर नेहमीच असतं."

"शेवटचे कधी दिसले?"

तिने सूप थांबवून विचार केला. "दिवाळीत बघितलं असेल. नाही, दिवाळीच्या आधी. पण रविवारी तो कोट घालून, गोल टोपी लावून एकदम कडक इस्त्रीत जातात हं मंडळात. सगळी चाळ बघते."

आमच्या गावात एखाद्याचं दार दिवसभर लागलं तर संध्याकाळपर्यंत तीन बाया डोकावून जातात आणि चौथी उगाच अफवा उठवते. मला नेहमी त्याचा राग यायचा. त्या चाळीत उभा राहून पहिल्यांदा वाटलं, ती चौथी बाईसुद्धा इथे असती तर बरं झालं असतं. पण हे आत्ता वाटतंय. त्या वेळी मी निर्धास्त झालो. उद्या रविवार, मंडळात भेटेलच. सुभेदारांचं कार्ड होतं ना! मी खाली उतरून दोन वडापाव खाल्ले, हिरवी मिरची चावून डोळ्यांतून पाणी काढलं, बाजारात नातवासाठी पत्र्याची मोटार बघितली आणि मजेत मुलुंड गाठलं. तो सगळा शनिवार मी मजेत होतो.

मुलुंडला सुभेदार कदमांकडे मुक्काम केला. सुभेदार म्हणजे सहा फूट उंची, जाड भिंगाचा चष्मा आणि खोलीएवढा आवाज. त्यांनी मंडळाचा नियम मला जेवताना समजावून सांगितला. दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात फौजेसारखी गिनती होते. भांडुप, मुलुंड, घाटकोपर, अगदी बोरिवलीहून माणसं येतात. नाव पुकारलं की 'हाजिर' म्हणायचं. लागोपाठ दोन रविवार जो गैरहजर, त्याच्या घरी तिसऱ्या रविवारी सुभेदार स्वतः जातात.

"का माहीत आहे? भांडुपला आपला एक शिपाई अर्धांग होऊन तीन दिवस जमिनीवर पडला होता. कुणाला पत्ता नाही. तेव्हा ठरवलं, आपला माणूस तीन दिवस पडता कामा नये."

मला ते फार आवडलं. म्हटलं, आपल्या तालुक्यात गेल्यावर असंच सुरू करायचं. सुभेदारीणबाईंनी चपातीऐवजी खास माझ्यासाठी भाकरी केली होती आणि ती करपली म्हणून त्या तीनदा हळहळल्या.

रविवार, मुलुंड

मैदानात चाळीसेक माणसं तीन रांगांत उभी राहिली. कुणी बँकेच्या वॉचमनच्या वर्दीत, कुणी पायजम्यात, एकाचा पाय लाकडी. पण 'सावधान' म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. मला भरून आलं. मी पाहुणा, म्हणून मला बाजूला खुर्ची दिली होती. सुभेदार रजिस्टरात नाक खुपसून नावं घ्यायला लागले.

रांगेत मान वळवायची नसते. ही सवय हाडात मुरलेली असते, निवृत्त झालो तरी जात नाही. प्रत्येकजण समोरच्या भिंतीकडे बघत होता. सुभेदार वहीकडे बघत होते. त्या अख्ख्या मैदानात माणसांच्या चेहऱ्यांकडे बघणारा मी एकटा होतो.

"साळवी पांडुरंग!"

"हाजिर!" शेवटच्या रांगेतून एक टकला, गोरा माणूस ओरडला.

आणखी सातआठ नावं झाली.

"गावडे शिवराम!"

"हाजिर!"

मी खुर्चीवरून अर्धा उठलोच. चटणीचा डबा मांडीवर होता, तो खाली पडला. शिवराम कुठे आहे म्हणून मी पहिली रांग बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग परत पहिलीपासून बघितलं. तो नव्हता. आणि शेवटच्या रांगेतल्या त्या टकल्या माणसाचा चेहरा लाल झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

गिनती संपल्यावर निम्मी माणसं ड्युटीवर पळाली. मी साळवीला नळापाशी गाठलं.

"तू ओ दिलीस गावडेच्या नावाला?"

"हळू बोला ना डॉक्टर. साहेब ऐकतील."

"ऐकू देत. किती दिवस चाललंय हे?"

पांडू साळवी रडायलाच लागला. पन्नाशीचा माणूस, नळाखाली तोंड धरून रडत होता. मग त्याने सांगितलं. पंधरा ऑगस्टला याच मैदानात झेंडावंदन होतं. बहुतेकांची बायका-मुलं आली होती. भिंतीपलीकडे कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. शिवराम इस्त्रीच्या कपड्यांत सरळ चिखलात पालथा पडला आणि शेजारच्या माणसाला खाली ओढून "झोप, झोप रे" म्हणून ओरडायला लागला. पोरं हसली. बायका हसल्या.

"आणि तुम्ही?"

"आम्हीपण हसलो यार. नंतर वाट लागली आमची, पण तेव्हा हसलो."

त्यानंतर शिवराम आला नाही. एक रविवार चुकला तसा पांडू त्याला गोडाऊनच्या गेटवर गाठायला गेला. शिवरामने त्याचे हात धरले. म्हणाला, साहेब घरी येतील, मला असं बघतील, ते नको. तू माझ्या नावाला ओ दे. दसऱ्याच्या सुमाराला तर गोडाऊनची नोकरीही सुटली.

"आणि तू कबूल झालास?"

"नाही कसं म्हणू? माझा बाप गेला तेव्हा मी पहाटे न सांगता छावणीतून सटकलो होतो. दोन दिवस हाच माझ्या नावाने 'हाजिर' म्हणाला. नाहीतर माझं कोर्ट मार्शल झालं असतं. फौजेत सगळेच करतात हे, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. माझ्यासाठीही एकदा कुणीतरी म्हटलं होतं. बराकीत याच्यापेक्षा मोठी दोस्ती नसते.

"दिवाळीत फराळ घेऊन गेलो तर लॉक," पांडू म्हणाला. "मला वाटलं, वहिनीकडे गावाला गेला. म्हणून चालूच ठेवलं."

मी त्याला कुंदावहिनींचं पत्र दाखवलं. त्याने ते वाचलं, घडी केली, उलगडून परत वाचलं. शिवराम गावी गेलेला नव्हता. आम्ही दोघं सुभेदारांकडे गेलो. ते ऐकत असताना त्यांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले.  "कार्ड मी लिहिलं," एवढंच म्हणाले. "वही बघून लिहिलं."

सोमवार, घाटकोपर ते मालाड

कुलूप तोडलं. आत सगळं फौजी. ब्लँकेटची घडी पट्टीने आखल्यासारखी, ताट पालथं, बूट पॉलिश केलेले. कोट आणि टोपी नव्हती. कोपऱ्यात दोरीला सुके बोंबील टांगले होते. मी घाटावरचा माणूस, त्या वासाने आधी दार सताड उघडलं. पण बोंबील ज्या कागदात आले होते तो कागदही घडी घालून ठेवला होता.

"दर रविवारी आणायचे," शेजारची बाई दारातून म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "मार्व्याहून. मला पण द्यायचे ना. मी म्हटलं, मंडळ मार्व्याला आहे काय? तर हसले."

म्हणजे कडक इस्त्री करून, कोट घालून, सगळ्या चाळीला दाखवून तो मंडळात जायला निघायचा आणि मार्व्याला जायचा.

मालाडच्या बाजारात एवढी गर्दी की पांडूने माझी बाही धरून मला बसमध्ये कोंबलं. मार्व्याला उतरल्यावर मात्र एकदम शांत. वाळूत बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर हजारो बोंबील वाळत होते. ऊन होतं, वारा होता. मी त्या वासाने नाकाला रुमाल लावला आणि नंतर मला माझीच लाज वाटली. चिखलात एक चप्पल रुतली, ती काढताना मी बसकण मारली आणि कावळे हाकणारी एक कोळीण खदखदून हसली. तिचं नाव जनाबाय. तिलाच आम्ही विचारलं.

तिचं हसू थांबलं. "तो कोटवाला? फौजी? तुमी त्याचे कोन?"

"दोस्त," पांडू म्हणाला.

"दोस्त हाय तर इतके दिवस कुठं व्हते?"

 तिने आम्हाला होडीच्या सावलीत बसवलं, चहा दिला. श्रावण सरल्यापासून शिवराम दर आयतवारी यायचा. कोट काढून बांबूला अडकवायचा आणि दिवसभर बोंबलांवरचे कावळे-कुत्रे हाकायचा. एक पैसा घ्यायचा नाही. दुपारी जाळ्यांच्या ढिगावर झोपायचा.

"घरी झोप नाय लागत बोलायचा. हितं लागते. पान्याचा आवाज चालतो, बोलायचा, दुसरा नाय चालत."

मी तीन महिने त्याच्या खांद्याची काळजी घेतली होती. पट्टी रोज बदलली, टाके मोजून काढले, व्रण छान आला म्हणून स्वतःवर खूश झालो. रात्रीचा तो दचकून उठायचा तेव्हा गोळी देऊन पुढच्या खाटेकडे जायचो. त्याला काय दिसतं, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण आता त्याचा मला काही आधार वाटत नाही.

"दिवालीच्या पयल्या दिशी आला," जनाबाय सांगत होती. "आयतवार नव्हता तरी आला. हितं पन पोरं फटाके लावत व्हती. कानावर हात धरून बसला. मग टोपी काढून माझ्याकडं दिली. बोलला, ठेव, ओली व्हईल. फटाके सरले का येतो. आनि तिकडं गेला." तिने खाडीच्या कडेच्या तिवरांच्या झाडीकडे बोट दाखवलं. "तिकडं आवाज नाय म्हनून. मना वाटला, तिकडून घरी गेला. मी वाट बघत्ये. त्याचा पत्ता मना कुठं ठाव?"

ती झोपडीत गेली आणि टोपी घेऊन आली. स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली होती. बिल्ला चकचकीत होता.

पांडू तिथेच वाळूत उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंडात मारून घ्यायला लागला. जनाबायने त्याचे हात धरले.

मंगळवार

जवळच्या पोलीस चौकीत एका हवालदाराने वही उघडली. माणूस सज्जन होता, बसायला बाक दिला. दिवाळी झाल्यावर खाडीत तिवरांच्या मुळांत एक पुरुष सापडला होता. खिशात कागद नाही, ओळख नाही. नियमाप्रमाणे ठेवला, कुणी आलं नाही, मग बेवारस म्हणून अंत्यसंस्कार केले. फोटो दाखवला, त्यात ओळखू येईल असं काही उरलं नव्हतं.

"खुणा लिहिल्यात," तो म्हणाला आणि वाचायला लागला. "डाव्या खांद्यावर जुना व्रण, कोयत्याच्या आकाराचा."

मी म्हटलं, "पुढचं वाचू नका. तो आमचा आहे."

बेवारस. दिवाळीनंतरचे तीन रविवार ज्याच्या नावाला मुलुंडच्या मैदानात खणखणीत ओ मिळाली, त्यातला पहिला रविवार उजाडला तेव्हाच तो गेलेला होता, आणि तो बेवारस. ऑगस्ट संपताना वहीत खरं लिहिलं गेलं असतं तर सप्टेंबरात सुभेदार त्याच्या दारात उभे असते. ते नुसते बसले असते, चहा प्यायले असते तरी चाललं असतं. तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण एकटा नसता.

तार करायला गेलो तेव्हा सुभेदार म्हणाले, "सिरियस लिहू या. माणसं असंच लिहितात, म्हणजे धक्का बसत नाही." मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, खोटं कार्ड एक गेलं तेवढं पुरे. मी लिहिलं, शिवराम गेला, निघा.

पुढचा रविवार

कुंदावहिनी शनिवारी आल्या. हातांवर भात कापल्याच्या खुणा ताज्या होत्या. रडल्या नाहीत. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पांडू त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडला होता. त्यांनी त्याला उठवलंही नाही आणि पाय मागेही घेतले नाहीत.

"भावजी," त्या मला म्हणाल्या, "माका कार्ड इला, हजर आसत म्हणान. मी त्या कार्डाक हळद-कुंकू लावलंय, देवाम्होरं ठेवलंय. म्हणान मी गावाक रवलंय." मग म्हणाल्या, "उद्या माका थय मैदानात न्हेवा."

मंडळाचा आणखी एक नियम आहे. माणूस गेला तरी घरचे सांगेपर्यंत वहीतून नाव काढत नाहीत. मैदानात पुन्हा तीन रांगा लागल्या. वहिनी माझ्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या, हातात टोपी. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. सुभेदारांनी नावं घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी ते प्रत्येक नावाला मान वर करून माणूस बघत होते.

"गावडे शिवराम."

 पांडू शेवटच्या रांगेत ओठ चावून उभा होता. भिंतीपलीकडे कुणीतरी रेडिओ लावला होता, तो तेवढा ऐकू येत होता.

"गैरहजर," वहिनी म्हणाल्या.

सुभेदारांनी पेन्सिल टेकवली. त्या वहीत गैरहजरापुढे कारणाचा रकाना असतो. आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कारण?"

 सुभेदारांना लगेच कळलं आपण काय विचारलं ते, पण शब्द निघून गेला होता. वहिनींनी त्या तिन्ही रांगांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"तां माका खय ठावक?" त्या म्हणाल्या. "मी गावाक होतंय. तुमी सगळे हय होतास. तुमीच सांगा."

पहिल्यांदाच त्या मैदानात एकेक मान वळली. चाळीस माणसं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, आणि सुभेदारांनी पुढचं नाव घेतलं नाही.